मुंबई उंच की कराची

डोंगरपाडा, ता. तलासरी
१९ नोव्हेंबर २०२३

सुदाम,

आश्रमशाळेत बाईंनी आम्हाला पत्राचे मायने पाठ करायला लावले होते. वडिलांना काय लिहायचं, गुरुजींना काय, मैत्रिणीला काय. लग्न लागायचं राहून गेलेल्या, तरी चार वर्षं एका चुलीवर जेवलेल्या, भांडून बोटीवर गेलेल्या आणि तिथून पकडून परक्या देशाच्या तुरुंगात बसवलेल्या माणसाला काय लिहायचं, ते काही त्यांनी शिकवलं नाही. म्हणून नुसतं सुदाम.

तुझं पत्र पोचलं. ‘माझी वाट बघू नको, दुसरं घर कर’ असं लिहिलंस ते. तुझ्या आईला वाचून दाखवताना मी ती ओळ गाळली. मग पत्र चुलीत घातलं आणि त्या जाळावर आम्हा दोघींचा चहा केला. तेव्हा तू असं काही लिहिलंस हे आता फक्त तुला, मला आणि मधे पत्र फोडून वाचणाऱ्या साहेबांना माहीत आहे. साहेब, तुम्हीही विसरून जा.

आता कामाचं. झाईचा दिपक घरी आला. तुमच्याच बोटीवरचा, तुमच्याबरोबरच पकडलेला. या खेपेला सुटणाऱ्यांत त्याचं नाव निघालं, तुझं निघालं नाही. डहाणूच्या जयश्रीताई, ज्या तुम्हा सगळ्यांच्या घरची पत्रं गोळा करून तिकडे पाठवतात, त्यांनी मला कळवलं. मी चिखल्याच्या चिकूवाडीत खाडा केला आणि एसटीने झाईला गेले.

दिपक ओट्यावर बसला होता. त्याची आई सारखं काहीतरी खायला आणून ठेवत होती आणि तो नको म्हणत नव्हता. मी विचारलं, सुदाम कसा आहे? तर म्हणाला, “बरा हाय.” मी म्हटलं, मी एवढ्या लांबून ‘बरा हाय’ ऐकायला आले नाही. तेव्हा कुठे तो बोलला.

“वहिनी, सुटकेची नावं वाचली, त्याचा नाव नव्हता, तवापासून तो बोलत नाय. भिंतीकडं तोंड करून पडतो. रोटी तशीच उशाला. एकाच गोष्टीला उठतो.”

“कुठल्या?”

“मुंबई उंच की कराची.”

मला वाटलं उन्हातान्हाचं याच्या डोक्यात काही झालं. पण त्याने सगळं सांगितलं. “आम्हाला पकडून बंदरात नेला ना, तवा सकाळच्याला लांबून बिल्डिंगी दिसल्या. पाण्याच्या कडेला, उंच उंच. हा उभा राहून नाचाया लागला. मुंबई आली, मुंबई आली, सोडला आपल्याला! आम्हाला पण खरा वाटला. त्याने मुंबईत काम केलेला, त्याला म्हायती असणार. मंग बंदूकवाला हसला. बोलला, ये कराची है.”

तेव्हापासून बराकीत तुला सगळे ‘बंबई’ म्हणतात म्हणे. दोन वर्षांत एकाही पत्रात हे लिहिलं नाहीस. उपास, ताप, उकाडा सगळं लिहिलंस, आणि हसायची एक गोष्ट होती ती तेवढी लपवलीस.

“मी मुद्दाम कराचीची बाजू घेयाचो,” दिपक म्हणाला. “बोलायचो, तुझी मुंबई इथल्यापुढं काय नाय. की हा उठलाच. रोटीचे तुकडे करून ओळीनं रचायचा. हा वरळी, हा परळ, ही मी बांधलेली. घसा बसेपर्यंत भांडायचा. आणि भांडण संपला की एकेक बिल्डिंग उचलून खायाचा.”

तिथे मी हसले. परत येताना एसटीत मात्र रडले, शेजारच्या बाईने केळं दिलं मला.

सुदाम, मला एवढंच कळलं, की तू भांडलास की जेवतोस. घरीही तसाच होतास. भाकरीवर भाकरी आणि मधे तोंडाचा पट्टा. फक्त जायच्या दिवशी उलटं केलंस. मी म्हटलं होतं, ज्याला खाडीत पोहता येत नाही त्याने गुजरातेत ओख्याला मासेमारीच्या बोटीवर जाऊ नये, आणि तू झाकलेलं ताट तसंच टाकून गेलास. ते ताट मी अजून विसरलेली नाही.

आता दिपक इकडे आला. तिकडे कराचीची बाजू घ्यायला कोण उरलं? कोणी नाही. तर मी घेते. आणि हे तुला सांगून करते, कारण तुला कळलं तरी राग आल्याशिवाय राहणार नाही. तुझं नाक मला माहीत आहे.

ऐक तर. दिपक म्हणाला, तुमच्या खिडकीतून रात्री कराचीच्या दिव्यांची ओळ दिसते. पार आभाळापर्यंत. मला तर पटलं. तू मुंबईत चार पावसाळे सळ्या बांधल्यास, त्यातून उभं काय राहिलं ते मी कधी बघितलं नाही. ‘नेतो, दाखवतो’ म्हणालास आणि नेलं नाहीस. मग मी कशावरून मानू? कराची उंच. बोल काय बोलायचं ते.

रूपी


डोंगरपाडा
२१ जानेवारी २०२४

सुदाम,

उत्तर नाही. जयश्रीताई म्हणतात, पत्राला जायला दोन महिने, यायला चार, आणि मधे कोणाच्या टेबलावर राहिलं तर देवाला माहीत. मी थांबायला तयार आहे. तू तेवढा पत्राचा राग धरून ठेव, शिळा होऊ देऊ नको.

भात झोडून झालं. यंदा बरं आलं. तुझी आई बुधीबाई ठणठणीत आहे, फक्त डाव्या डोळ्याने धूसर दिसतं म्हणते. उजव्याने मला दिवसभर काम करताना बघते.

संक्रांतीला माझा भाऊ मनिष आला होता. तिळाचे लाडू घेऊन आला म्हटल्यावर मी ओळखलं, काहीतरी गळ्यात मारायचं आहे. उधव्याकडे कोणी एक आहे म्हणे, बायको वारलेली, स्वतःचा टेम्पो आहे.

“बाय, तुझा लग्न तर लागलाच नाय,” मनिष म्हणाला. “चौक निघाला नाय, लग्न लावायला धवलेरी आली नाय. तू मोकळी हायस. कोण बोट दाखवणार नाय तुला.”

खरं आहे, कोणी दाखवणार नाही. आपल्यात घर आधी होतं आणि लग्न मागून, हाताशी चार पैसे आले की लागतं. तुझ्या आईबापाचं लागलं तेव्हा तू चांगला पाच वर्षांचा होतास आणि बापाच्या वरातीत नाचून पायात काटा भरून घेतलास, हे बुधीबाई मला दर लग्नसराईला सांगते. पण मी मनिषला म्हटलं, भिंतीवर चौक निघाला नाही म्हणून मी मोकळी? मग एवढी वर्षं मी इथे काय भाड्याने राहत होते?

त्याने लाडवांचा डबा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, तो येयाचाच नाय तर? मी म्हटलं, येईल. म्हणाला, तुला कोण बोलला? मी म्हटलं, मी बोलते.

बुधीबाई दारात बसून सगळं ऐकत होती. मनिष निघाला तेव्हा त्याचे उरलेले लाडू तिने पिशवीत घालून त्याच्या हातात परत दिले.

पण लाडवांखेरीज एक गोष्ट कामाची झाली. मनिषच्या फोनवर मी कराची बघितली. त्याला म्हटलं, त्यात कराची लिहून बघ. आधी नाही म्हणाला, मग लिहिलं. समुद्राकाठी एक बिल्डिंग आहे, खाली जाड, वर निमुळती, ढगात टोक गेलेलं. हीच बघून तू नाचलास ना? मी दोनदा बघितली. तिसऱ्यांदा बघायला गेले तर मनिषने फोन हिसकावला. “असला काय बघू नको, माझा फोन धरतील!” आणि घाबरून त्याने तो बंदच केला. मुंबई बघायची राहिली.

आणि सुदाम, कराचीच्या समुद्रावर उंट फिरतात. सजवलेले, गळ्यात घुंगरं. लोक वर बसून फोटो काढतात. तुझ्या मुंबईच्या समुद्रावर उंट आहे का? तू चार वर्षांत उंटाचं नाव काढलं नव्हतंस. म्हणजे बिल्डिंगीतही कराची पुढे आणि उंटातही.

आता सांग, यावर तुला काय म्हणायचं आहे. आणि सांगताना रोटी मोडायला घे.

रूपी


डोंगरपाडा
२८ एप्रिल २०२४

सुदाम,

मी मुंबई बघून आले. तू नेलं नाहीस, मी गेले.

जयश्रीताईंनी गाडी केली होती, हायवेने गेलो. तुमच्यासारख्या अडकलेल्यांच्या घरच्या आम्ही सात-आठ बायका. एका मोठ्या कचेरीत अर्ज द्यायचा होता. साहेबांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, प्रयत्न चालू आहेत म्हणाले. मी विचारलं, सुदामचं नाव पुढच्या खेपेला असेल का? ते म्हणाले, बाई, ते आमच्या हातात नाही. मी म्हटलं, मग ज्यांच्या हातात आहे त्यांचं नाव सांगा, मी तिकडे जाते. जयश्रीताईंनी माझा पदर ओढला. साहेब चिडले नाहीत. त्यांनी एक नाव लिहून दिलं, दिल्लीचं. ते मी जपून ठेवलं आहे. दिल्लीला जायचं तर जाईन.

बाहेर आलो तेव्हा सगळ्याजणी दमलेल्या. मी म्हटलं, मला बिल्डिंगी बघायच्या आहेत. ताई म्हणाल्या, “रूपी, उशीर होईल, आणि बिल्डिंगीत काय बघायचंय?” मी म्हटलं, होऊ दे उशीर. मला तुरुंगात उत्तर पाठवायचं आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ड्रायव्हरला हाजीअलीकडे घ्यायला सांगितलं.

समुद्राच्या कठड्याशी उभी राहिले. तुला खरं सांगते, मला वाटलं होतं की भीती वाटेल. नाही वाटली. मला वाटलं, अरे, एवढं सगळं माणसांनी एकेक पाटी डोक्यावरून नेऊन केलं आहे, आणि त्यातल्या काही पाट्या माझ्या ओळखीच्या डोक्यावर होत्या. आपल्याकडे आभाळाची कड म्हणजे महालक्ष्मीचा डोंगर. आजीने बघितला तसाच मी बघते. मुंबईची कड अजून चालूच आहे. जिकडे बघावं तिकडे क्रेन, आणि कालची उंच बिल्डिंग आज बुटकी.

मग तुझी शोधायला लागले. तू घरी सांगायचास ती खूण माझ्या लक्षात होती. निळी काच, आणि माथ्यावर रेड्यासारखी दोन शिंगं. किती शोधली. शिंगंच दिसेनात. एका नारळवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “दो सींगवाली? उसके आगे नयी खड़ी हो गयी ना.” त्याने बोट दाखवलं. एका नव्या बिल्डिंगीच्या खांद्यावरून एक शिंग डोकावत होतं. एकच.

हे तुला सांगावं की नाही असा मी गाडीत विचार केला. ताई म्हणाल्या, नको सांगू, तो आधीच खचलेला आहे. पण मी सांगणार. तुझ्यापुढे कोणीतरी दुसरी उभी केली, सुदाम. तू भिंतीकडे तोंड करून पडलास की असंच होणार. तुझी निम्मी बिल्डिंग झाकली. कराचीतली ती निमुळती कोणाच्या मागे झाकलेली नाही, मी फोनवर नीट बघितली आहे.

एक गोष्ट मात्र भांडणाची नाही. ती नवी बिल्डिंग अजून पुरी झालेली नाही. तिच्या अगदी वर, स्लॅबच्या कडेला एक माणूस उभा होता. मुंगीएवढा. पिवळी टोपी होती म्हणून दिसला. मी त्याला हात केला. सगळ्या बायका हसल्या. त्याने बघितलं नसणार. पण तू तिथे असताना मी एकदाही खाली उभी राहून तुला हात केला नाही, तो मी त्या दिवशी केला. माझे डोळे भरून आले आणि मी ते कोणापासून लपवले नाहीत.

येताना डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेत उतरलो. मी देवीला काही कबूल केलं नाही. तिला फक्त म्हटलं, मी माझं करते आहे, तू तुझं कर.

रूपी


डोंगरपाडा
१४ ऑगस्ट २०२४

सुदाम,

आज भांडण नाही.

गुजरातच्या बाजूचे काही जण सुटून आले. त्यांतल्या एकाने जयश्रीताईंना फोनवर सांगितलं, की तलासरीकडचा एक आजारी होता, त्याला दवाखान्यात हलवलं. नाव माहीत नाही म्हणाला. फक्त म्हणाला, त्याला सगळे बंबई म्हणायचे.

मी बुधीबाईला सांगितलेलं नाही. भाताची आवणी चालू होती, आम्ही दोघी चिखलात होतो, ती गाणं म्हणत होती. मी पण म्हटलं. आवाज निघत नव्हता तरी म्हटलं. संध्याकाळी ती म्हणाली, “पोरी, आज तुझा सूर का फुटला?” मी म्हटलं, पाण्यात उभी राहून सर्दी झाली.

मला भीती वाटते. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

मनिष पुन्हा आला होता. त्या टेम्पोवाल्याने दुसरी केली म्हणे. बरं झालं, एक काम मिटलं.

तू जेव. उत्तर नको लिहू, हात उचलत नसेल तर नको लिहू. बिल्डिंगी रचू नको. नुसता जेव. कराची उंच असू दे, नाहीतर मुंबई असू दे, तू तेवढा उठून बस.

रूपी


डोंगरपाडा
८ डिसेंबर २०२४

अरे सुदाम,

आलं! तुझं पत्र आलं. जयश्रीताई स्वतः घेऊन आल्या, डहाणूहून रिक्षा करून, पाड्यापर्यंत. मी अंगणात शेणाचा सडा घालत होते. हात न धुता घेतलं, त्यामुळे त्यावर शेणाची बोटं उमटली आहेत. असू देत.

तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे, पण मी पुन्हा उतरून काढते. मला ते लिहून बघायचं आहे.

‘रूपी, दिपक खोटारडा आहे. आमच्या खिडकीतून एक पाण्याची टाकी दिसते आणि कडुलिंबाचं झाड. दुसरं काही दिसत नाही. बिल्डिंगी मी एकदाच बघितल्या, बोटीवरून. ती एक उंच होती, खोटं कशाला बोलू. पण ती मी बांधलेली नाही. माझी बिल्डिंग कुठे गेलेली नाही. तू चुकीच्या बाजूला उभी राहिलीस. हाजीअलीवरून एकच शिंग दिसणार. वरळीच्या बाजूने बघायचं, कोळ्यांच्या बोटी लागतात तिथून. दोन्ही दिसतात. तुला काही कळत नाही आणि नारळवाल्याला विचारतेस. आलो की दाखवतो. ताप होता, आता खातो. उंट इथे कोणी बघितला नाही. मनिषला सांग, टेम्पो चालवायचा तर नीट चालव.’

मनिषकडे टेम्पो नाही, टेम्पो त्या दुसऱ्याचा होता. पण तुझा राग बरोबर घरी पोचला, पत्ता चुकला तरी.

बुधीबाईला वाचून दाखवलं. या वेळी एक ओळही गाळली नाही. ती म्हणाली, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिने मला ‘तुला काही कळत नाही’ वर थांबवलं. म्हणाली, “शिव्या देतो म्हंजे धड हाय.” मग उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी मागे गेले नाही.

मी मात्र दुसऱ्याच ओळीवर थांबले आहे. ‘आलो की दाखवतो.’ गेल्या वर्षी लिहिलं होतंस, वाट बघू नको. आता लिहितोस, आलो की. हे तुझ्या लक्षात आलं का? नसेल आलं. रागात होतास. माझ्या आलं. वर्षभर मी कराचीची बाजू घेतली ती एवढ्या एका ओळीसाठी, आणि आता मी ती सोडते. तू जिंकलास. मुंबई उंच. दोन शिंगं, दोन्ही दिसतात, मीच चुकीच्या बाजूला उभी होते. बस?

दुसऱ्या दिवशी झाईला जाऊन दिपकला धरलं. म्हटलं, दिव्यांची ओळ दिसते म्हणालास ना? तो मान खाली घालून म्हणाला, “वहिनी, तू विचारलास, खिडकीतून काय दिसतं. एवढ्या लांबून आलेली. टाकी दिसते, असा कसा सांगू?” मी त्याला रागावले नाही. त्याच्या आईने मलाही खायला बसवलं.

परत आले आणि विचार करत बसले, की तुम्ही सगळे जण अंधाऱ्या खोलीत बसून दोन शहरांवर घसा फोडत होता, आणि त्यातलं एकही कोणाला दिसत नव्हतं. इथे मीही तेच करत होते. मग ठरवलं, आता तरी ती दिसू देत.

भिंत सारवली. दारासमोरची मोठी. वर गेरूचा हात दिला, तांदूळ भिजवून वाटले, बांबूची काडी ठेचून घेतली. मधली जागा मोकळी सोडली आहे. ती लग्नाच्या चौकाची. तिथे मी काही काढायचं नाही, आपल्या लग्नाच्या दिवशी सवाशिणी काढतील. पाड्यात चौक काढणाऱ्या बारकीकाकूला मी आत्ताच सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, “कवा?” मी म्हटलं, येईल तेव्हा, पण तू गाव सोडून कुठे जायचं नाही.

चौकाच्या डाव्या अंगाला मुंबई काढली आणि उजव्या अंगाला कराची. मुंबईत क्रेन काढल्या, नारळवाला काढला, एका स्लॅबवर एक माणूस काढला. खाली एक बाई आहे, तिने हात वर केला आहे. कराचीत ती निमुळती बिल्डिंग आहे, उंट आहे, तू काही म्हण. बुधीबाई काठी टेकत आली, उजव्या डोळ्याने सगळी भिंत बघितली आणि म्हणाली, “ह्यो काय, घरात तुरुंग काढलास?”

“तुरुंग नाही, आई. शहर आहे.”

“दोन्हीला खिडक्याच.” मग काठीने कराचीकडे दाखवून म्हणाली, “तिकडं झाड काढ. कडुलिंबाचा. त्याला दिसतो तो.”

मी काढलं. टाकीही काढली. झाड मोठं काढलं, बिल्डिंगीहून मोठं. आपल्या चित्रात कोण किती मोठं ते आपण ठरवतो, फूटपट्टी लागत नाही. पाड्यातल्या बायका येऊन बघून जातात. शेजारची सुनिता म्हणाली, कराची कशाला काढलीस, पुसून टाक. मी म्हटलं, माझा माणूस तिथे आहे तोवर ती माझ्या भिंतीवर राहणार. तो आला की त्याला विचार.

सुदाम, आता एकच गोष्ट राहिली आहे. दोन्ही शहरं मी खालून वर काढत गेले आणि जिथे माझा हात थांबला तिथे दोन्ही थांबली. सारखीच झाली आहेत, एका रेषेत. आई म्हणाली, पाटावर उभी रहा, अजून चार मजले चढतील. मी उभी राहणार नाही. वरची भिंत मोकळी आहे, आढ्यापर्यंत. तिथवर या घरात एकाचाच हात पोचतो. कुणाला उंच करायचं ते त्याने येऊन करावं. तुझ्या बिल्डिंगीला शिंगंही मी काढलेली नाहीत.

दिल्लीच्या त्या साहेबांना मी पत्र टाकलं आहे. उत्तर आलं नाही तर दुसरं टाकेन. तुझ्याकडून उत्तर काढलं, त्यांच्याकडून काढायला किती वेळ लागतो बघू.

तांदूळ वेगळे काढून ठेवले आहेत, काडी आढ्याला खोचली आहे. पण आल्या आल्या भिंतीला हात लावायचा नाही. आधी बसून जेवायचं. ताट मी झाकून ठेवते.

रूपी